संगणकाचा पडदा बंद करून वाचता येईल असं पुस्तक

प्रिय,

अंध वाचकांसाठी छापील पुस्तकातून तयार करून तू पाठवलेलं पहिलं प्रकरण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकलं. अक्षरं बरीचशी बरोबर आली आहेत, पण एवढ्यावर पुस्तक तयार झालं असं मानू नकोस. डोळस वाचक पानं चाळतो, तळटीप टाळून पुढे जातो, ‘पान ८७ काढा’ म्हटलं की काढतो. अंध वाचकालाही हे सगळं करता यायला हवं.

काम हाती घेताना आधी फाइल कसली आहे ते ओळख. मजकूर निवडता येत नसेल तर ते नुसतं पानाचं चित्र आहे, त्याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर, लागेल. निवडता येतो, पण नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, असं असेल तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे, म्हणजे आत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर फक्त मराठी रूप. ही फाइल सर्वांत फसवी. पाहणाऱ्याला स्वच्छ मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरं वाचत सुटतो. तो मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढ आणि मग प्रत्येक पहिली वेलांटी तपास. जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये नंतर येते. त्यामुळे रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार आणि ‘ऱ्या’ यांचीही हीच गत होते.

स्कॅन ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत कर. तळटिपा फार बारीक असतील तर ४००. त्याहून वाढवलंस तर फाइल जड होते, अचूकता फारशी वाढत नाही. निव्वळ काळा-पांढरा मोड टाळ, कारण त्यात शिरोरेषा तुटते आणि अनुस्वार गळतात. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद ठेव, म्हणजे पाठचा मजकूर उमटत नाही. बांधणीजवळ पान वाकतं तिथल्या ओळी सर्वांत जास्त बिघडतात, म्हणून पुस्तक नीट दाबून धर.

ओसीआरमध्ये भाषा मराठीच निवड. लिपी एकच म्हणून हिंदीवर काम भागवू नकोस, ‘ळ’ बिघडू शकतो. पानावर इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषा निवड. दोन स्तंभांचं पान असेल तर वाचनाचा क्रम हाताने ठरवून दे, नाहीतर डाव्या स्तंभाची अर्धी ओळ उजव्या स्तंभाला जोडली जाते.

आता खरं कष्टाचं काम, मुद्रितशोधन. घ-ध, भ-म, थ-य, ख-रव या जोड्या यंत्र चुकवतं. ‘घर’चं ‘धर’ झालं किंवा ‘भरतो’चं ‘मरतो’ झालं, तर शुद्धलेखन तपासनीस काही बोलणार नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत. हे कानाला सापडतं, म्हणून संपूर्ण प्रकरण एकदा ऐकच. आकडे मात्र मूळ पानाशी एकेक ताडून बघ. १ आणि ९ यांची अदलाबदल वाक्यात कुठेच खटकत नाही. औषधाच्या मात्रेत किंवा गणिताच्या उदाहरणात ती घातक ठरते.

प्रत्येक ओळीच्या शेवटी पडलेला एंटर काढून टाक. तुझ्या प्रकरणात वाक्य मध्येच तुटत होतं ते यामुळेच. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मधोमध घुसलं आहे, तेही काढ. छापील पान क्रमांक मात्र ठेव. परिच्छेद दोन पानांवर पसरला असेल, तर क्रमांक परिच्छेद संपल्यावर स्वतंत्र ओळीत घाल.

शीर्षकांबद्दल जरा आग्रहाने सांगतो. अक्षरं ठळक आणि मोठी केली म्हणून शीर्षक होत नाही, स्क्रीन रीडरला ते साध्या ओळीसारखंच असतं. वर्डमधली हेडिंग शैली लाव: प्रकरणाला पहिली पातळी, उपविभागाला दुसरी, मधली पातळी गाळायची नाही. मग एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ब्राउझ मोड (एकेका कळीने मजकुरात फिरण्याची सोय) चालू करून एच दाबलं की वाचक पुढच्या शीर्षकावर जातो, १ दाबलं की थेट पुढच्या प्रकरणावर. पान क्रमांकांना, अपवाद म्हणून, सहावी पातळी दिलीस तर ६ दाबत पानापानाने जाता येतं.

चित्राच्या जागी ‘आकृती ३’ एवढंच लिहून थांबू नकोस. परिच्छेदाला त्या आकृतीतून जे दाखवायचं आहे ते दोन वाक्यांत लिही. गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नकोस, समीकरण संपादकातच लिही. तरच ती मॅथएमएलमध्ये, म्हणजे गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत, नेता येतात आणि घटकाघटकाने ऐकता येतात.

अल्पदृष्टी वाचकासाठी त्याच मजकुराचा ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनव. पीडीएफ मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला डावीउजवीकडे सरकावं लागतं. ईपबमध्ये अक्षर वाढवलं तरी ओळी पडद्याच्या रुंदीत मावतात. ओळींमधलं अंतर दीडपट ठेव, म्हणजे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत.

एक गोष्ट आवाजाने भागत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळे फक्त ऐकून शिकणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं राहतं. ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर, मात्र प्रत्येक वेलांटी बोटाला कळते. म्हणून मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ ‘ऐकताना कुठे कळतं’ म्हणून सोडू नकोस. कोणीतरी ते बोटांनी वाचणार आहे.

दुसरं प्रकरण पाठवण्याआधी पडदा बंद कर, माउस बाजूला ठेव आणि केवळ कीबोर्डवर तीन गोष्टी करून बघ: तिसऱ्या उपविभागावर जा, एका ठरावीक पानावर जा, तळटीप वाचून मूळ वाक्यावर परत ये. जिथे वाट चुकली ती जागा पान क्रमांकासह लिहून फाइलसोबत पाठव.