गावातील बायकांचा गोधडी शिवण्याचा साप्ताहिक गट कसा सुरू करावा आणि तो टिकतो कशाने?

आपण लिहिले आहे की मानोरा तालुक्यातील आपल्या गावात बायकांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून गोधड्या शिवाव्यात, थोडे भरतकाम करावे, अशी आपली इच्छा आहे. परंतु पूर्वी सुरू झालेला शिवणवर्ग काही महिन्यांतच बंद पडल्यामुळे मनात धास्ती आहे, आणि शिवलेल्या वस्तू विकाव्यात की नाही हाही प्रश्न आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या एका गावात राहते आणि आमच्या गावच्या अशा बैठकीत अनेक वर्षांपासून बसत आले आहे. तिथे जे पाहिले त्यावरून लिहिते.

माझ्या मते सगळे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. बैठकीत प्रत्येकीने आपापली गोधडी घेऊन बसायचे, की सर्वांनी मिळून एकीची गोधडी शिवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि माझे ऐकाल तर दुसरी पद्धत स्वीकारा. शेतकरी जसे सावडीने एकमेकांकडे राबतात, आज माझी बैलजोडी तुझ्या शेतात आणि परवा तुझी माझ्या शेतात, त्याच रीतीने आमच्या बैठकीत एका वेळी एकाच घरची गोधडी पसरली जाते. ती पूर्ण झाली की पुढच्या घरची पाळी येते. पाळीचा क्रम गुढीपाडव्याच्या सुमारास चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि ज्या घरी बाळंतपण किंवा लेकीचे लग्न असेल त्या घराला सर्वांच्या संमतीने पुढे घेतले जाते. जिची गोधडी शिवून झाली ती बाई येणे सोडत नाही, कारण इतक्या जणींनी तिच्यासाठी हात झिजवलेले असतात, आणि जिची पाळी यायची आहे ती तर येतेच. शिवणवर्गात शिकणारीला ब्लाऊज बेतता आले की तिची गरज भागते आणि मग तिचे येणे थांबते. सावडीत काम एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते, म्हणून बैठक चालू राहते.

दिवस ठरवताना गावाचा आठवडी बाजार लक्षात घ्या. आपल्याकडे शेतमजुरीचा आठवड्याचा चुकारा बहुधा बाजाराच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी बऱ्याच मजूर बायका कामावर जात नाहीत किंवा अर्धाच दिवस जातात. म्हणून आमची बैठक बाजार आटोपून परतल्यावर, दुपार कलल्यावर भरते आणि दिवे लागण्यापूर्वी उठते. निंदणाच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून गोधडीला या, असे मजुरी करणाऱ्या बाईला सांगणे अन्यायाचे आहे. तसा दिवस ठरवला तर काही आठवड्यांतच तो गट घरची शेती असलेल्या बायकांपुरता उरतो, आणि गावात अशी बैठक भरवण्याचे निम्मे प्रयोजन तिथेच संपते.

वर्षाची आखणीही शेतीवरूनच करावी लागते. गोधडीचा खरा हंगाम होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे पापड, कुरडया आणि इतर उन्हाळकामांच्या सोबतीचा. मृगाचा पाऊस पडून पेरणी लागली की कोणालाही बोलावू नका. पोळ्यानंतर थोडी उसंत मिळते, भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि मुली संध्याकाळी गाण्यांसाठी दारोदार जमू लागतात, तेव्हा त्यांच्या आयाही जमतात. तो महिना हाती घ्यावा. दसरा-दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की पुन्हा थांबावे. हे थांबणे आधी जाहीर करावे आणि बैठक पुन्हा कोणत्या बाजारी भरेल तेही सांगून ठेवावे, म्हणजे गट मोडला असे कोणाला वाटत नाही.

आता जागेविषयी. एखाद्या मोठ्या घराच्या ओसरीवर बसणे सोयीचे वाटते, पण त्या घराशी ज्यांचे बोलणे नाही, किंवा ज्यांना त्या ओसरीवर आजवर कोणी बसायला सांगितलेले नाही, त्या बायका येणार नाहीत. समाजमंदिर, अंगणवाडीचा व्हरांडा, बुद्धविहार, गुरुदेव सेवा मंडळाचे प्रार्थना मंदिर, शाळेची पडवी, यांपैकी जे सर्वांचे असेल ते निवडा. एकच जागा सर्वांची नसेल तर मोहल्ले बदलत बसा. याच ओघात एक विनंती करते, आणि ती अगदी मनापासून आहे: बैठकीची सुरुवात हळदीकुंकवाने करू नका. शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्या यवतमाळ-वाशीम भागात तरुण वयात नवरा गेलेल्या बायका गावोगाव आहेत, आणि हळदीकुंकू म्हटले की त्या आपण होऊन घरी थांबतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. आपल्याला ठरावाचीही गरज नाही, सुई-दोऱ्याने सुरुवात केली तरी पुरे. संक्रांतीला वाण द्यायचे असेल तर दोऱ्याचे रीळ आणि सुयांची पुडी सर्वांना, नवरा असो वा नसो, सारखीच द्यावी.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बायका बैठकीला येतात त्या कामासाठी येतात आणि काम नीट झाले नाही तर बोलणेही फार दिवस चालत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. तिचे लांबीत तीन सारखे भाग करून एकावर एक ठेवले की एका माणसाला पुरेल एवढे माप मिळते; अशा दोन सुती साड्यांचे सहा थर होतात आणि ती गोधडी आपल्याकडच्या थंडीला पुरते. दोघांसाठी हवी असेल तर रुंदीला जोड द्यावा लागतो. कापड जुनेच घ्या, कारण ते धुऊन धुऊन आटलेले आणि मऊ झालेले असते. एखादा थर नवा घालायचाच असेल तर तो आधी दोनदा धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तोच एक थर आखडतो आणि सगळी गोधडी सुरकुतते. लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे.

नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्यांचा मोह टाळावा, हे मी आग्रहाने सांगते. त्या फुकट मिळतात, रंगाने छान दिसतात, पण थरांमध्ये सरकतात, घाम शोषत नाहीत आणि चुलीची किंवा शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. सुती लुगडी आता म्हाताऱ्या बायकांच्या पेट्यांतच उरली आहेत, त्यामुळे पुरुषांची धोतरे, सुती चादरी, ओढण्या जमवाव्या लागतात. कापूस भरू नका. आपल्या गावाभोवती कापूसच कापूस असला तरी कापसाची रजई हे पिंजाऱ्याचे काम आहे. ती घरी धुता येत नाही, धुतली तर कापसाचे गोळे होतात, आणि गोधडी मात्र नदीवर आपटून धुता येते व वैशाखाच्या एका दिवसाच्या उन्हात खडखडीत वाळते.

थर पसरताना जमीन सपाट आणि कोरडी असावी, आणि प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सारत आणावा. एकटी बाई गोधडी शिवते तेव्हा ती कडेने सुरुवात करून फिरत फिरत आत येते आणि कापडावर स्वतःच बसलेली असल्यामुळे ते ताणलेले राहते. चौघी चार बाजूंनी आत येऊ लागल्या की चारही बाजूंचा सैलपणा मध्यभागी जमतो आणि गोधडीच्या पोटात फुगा येतो. यावर उपाय असा की आधी मध्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत आणि मग आडवे-उभे लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्यावेत, त्यानंतरच कडेचा धावदोरा सुरू करावा आणि काम संपल्यावर कच्चे टाके उसवून टाकावेत. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर तो गुंततो आणि पिळतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर सहा थरांतूनही सहज जातो. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, कोणाचा तांदळाएवढा, कोणाचा त्याहून मोठा. तो एकसारखा करण्याचा हट्ट धरू नये असे मला वाटते, कारण पुढे कितीतरी वर्षे घरातील माणसे बोट ठेवून सांगतात की ही ओळ अमक्या काकूंची आणि हा कोपरा तमक्या आजीचा.

चाळिशी उलटली की सुई ओवता येत नाही, आणि अनेक बायका ते न सांगता येणेच बंद करतात. शाळेतील मुलींना सुया ओवून देण्याचे काम द्या आणि गटाचा पहिला खर्च जवळच्या नजरेच्या चष्म्यांवर करा. नेत्रतपासणी शिबिर गावात किंवा तालुक्याला असेल तेव्हा सगळ्यांनी मिळून जावे. सुया मात्र मोजून द्याव्यात आणि उठण्यापूर्वी मोजून परत घ्याव्यात. थरांत अडकून राहिलेली एक सुई रांगत्या लेकराच्या अंगात जाऊ शकते, म्हणून एक जरी सुई कमी भरली तरी ती सापडेपर्यंत आमच्याकडे गोधडीची घडी घालत नाहीत.

बचत गटाशी हे जोडावे का, असेही आपण विचारले आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांसाठी घालून दिलेल्या दशसूत्रीतील पहिली पाच सूत्रे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन ही आहेत, आणि बऱ्याच गावांत बायका त्याच असल्याने दोन्ही एकाच दिवशी घेणे सोपे पडते. तसे करायचे असेल तर हिशोब आधी उरकून वही बंद करावी आणि मगच गोधडी पसरावी. थकलेल्या हप्त्याची गोष्ट गोधडीवर निघाली की ज्या बाईचा हप्ता थकला आहे ती पुढच्या बाजारी येत नाही, आणि नेमके तिलाच त्या बैठकीची सर्वांत जास्त गरज असते. गोधडीवर बसून बायका जे बोलतात ते मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगते की नजर टाक्यावर असते, एकमेकींच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, आणि त्यामुळे एरवी ओठांवर न येणाऱ्या गोष्टीही सांगितल्या जातात. त्या बाहेर न्यायच्या नाहीत हा नियम आमच्याकडे सर्वांत जुन्या बाईने घालून दिला आहे.

आपल्या गावाला लागून बंजारा समाजाचा तांडा आहे, हे वाचून आनंद झाला. मानोरा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या फेटिया-कांचळीवरील, म्हणजे घागरा-चोळीवरील, आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे भरतकाम हे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान आहे. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडच्या तांड्यांत हात तितकेच कुशल आहेत, पण ते काम नव्या मुलींपर्यंत फारसे पोहोचत नाही. मोबाईलवर पाहून त्या नक्षीची नक्कल करण्यापेक्षा त्या आजींना बैठकीत शिकवायला बोलवा, त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्या, आणि पाळीच्या चिठ्ठ्यांत तांड्यावरच्या घरांच्याही चिठ्ठ्या असू द्या. गोधडीच्या चार कोपऱ्यांवर त्यांच्या हातचे काम आले तर ते कोणाचे आहे हे पाहणाऱ्याला आवर्जून सांगावे.

विक्रीबाबत माझे मत असे आहे की गटातील प्रत्येक घरी एक गोधडी जाईपर्यंत एकही विकू नये. पुढे विकायची झाली तर किंमत शहरातील दुकानदाराला विचारून ठरवू नका. किती जणी किती तास बसल्या ते वहीत मांडा, त्या दिवसांत गावात निंदणाला जी मजुरी चालू असेल तिने त्याला गुणा आणि दोरा-कापड त्यात मिळवा. जी रक्कम येते ती ऐकून पहिल्यांदा सगळ्याच दचकतात, पण त्याहून कमी घेणे म्हणजे आपली मजुरी आपणच कापणे आहे. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत बचत गटांना जागा मिळते आणि तिथला ग्राहक हाताच्या कामाची किंमत ओळखतो. नगावर शिलाई देणारा मध्यस्थ गावात आला तर त्याला होकार देण्यापूर्वी हाच हिशेब मांडून पाहा. विक्रीच्या आणि घरच्या गोधड्या वेगळ्या दिवशी शिवाव्यात. एकत्र केल्या की घरच्या गोधडीची पाळी नेहमी मागे पडते.

सुरुवातीला आठ-दहा जणी पुरेत, कारण एका गोधडीभोवती एका वेळी चौघी-पाचजणीच नीट बसू शकतात आणि बाकीच्या कापड फाडणे, उसवणे, जोड देणे ही कामे करतात. पहिल्या बैठकीला मोठी गोधडी काढू नका. गावात कोणाला ना कोणाला दिवस गेलेले असतातच. गावातील आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंना विचारून अशा बाईच्या बाळासाठी जुन्या मऊ धोतराचे दुपटे शिवायला घ्या. ते दोन बैठकांत पूर्ण होते, ज्यांनी कधी सुई धरलेली नाही त्यांचाही हात त्यावर बसतो, आणि पाळीच्या चिठ्ठ्या तिसऱ्या बैठकीला टाकता येतात.