चौथ्या सिरीजमध्ये काय झालं?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. चार वर्षं १० मीटर एअर रायफल करते. सरावात ६० शॉट्समध्ये ६२० गुणांच्या पुढे जाते, पण राज्य स्पर्धेत ६०९ वर अडकली. दहा-दहा शॉट्सच्या सहा सिरीज अशा गेल्या : १०३.६, १०३.४, १०३.१, १०१.९, ९८.८, ९८.२. चौथ्या सिरीजमध्ये एक शॉट ८.७ लागला आणि मग सावरताच आलं नाही, असं ती सांगते. तिचे बाबा म्हणतात, पोरगी मनाने कच्ची आहे, आता रायफल ठेवून अभ्यासाला लागू दे. एक ‘माइंड कोच’ तीन महिन्यांत मन पोलादी करून देतो म्हणतात, फी ४० हजार. आणि मुलीचं तिसरंच, तिला स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. यात पोटापाण्याचं काही आहे का? – एक आई, कराड

ताई, सप्रेम नमस्कार.

सिरीजचे आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसतं ‘६०९ आले’ एवढंच लिहिलं असतंत तर मलाही तिच्या बाबांसारखंच वाटलं असतं. आता बेरीज करून बघा. पहिल्या ३० शॉट्सचे ३१०.१ होतात. त्याच गतीने गेली असती तर ६२०. म्हणजे परक्या रेंजवर, बाजूला राज्यभरातले चांगले नेमबाज उभे असताना, ती अर्धी मॅच सरावासारखीच खेळली. मनाने कच्च्या मुलीचं पहिल्या सिरीजलाच पाणी पाणी होतं. हिचं बिनसायला लागलं ते ३१ ते ४० या शॉट्समध्ये, त्या ८.७ नंतर. हा कागद बाबांपुढे ठेवा आणि तिला एकच विचारा : ८.७ नंतर पुढच्या दोन मिनिटांत तू काय काय केलंस? ‘घाबरले’ हे उत्तर घेऊ नका. रायफल खाली ठेवली का, पाणी प्यायली का, गुण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे किती वेळा पाहिलं, पुढचा शॉट किती सेकंद धरून ठेवला, हे हवं.

माझा अंदाज सांगतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. एक शॉट खराब गेला की पोरं दोनपैकी एक करतात. एक तर भरपाई करायच्या घाईत पुढचा शॉट उडवून देतात, नाही तर ‘आता चुकायचंच नाही’ म्हणून नेम धरूनच बसतात. धरून बसलं की श्वास कोंडतो, रायफल डुलायला लागते, डोळा थकतो, आणि तरीही ट्रिगर दाबला जातो. एरवी जे बोट आपसूक काम करतं त्याच्यावर मन पहारा द्यायला लागतं, आणि पहारा बसला की ते बोट अडखळतं. यात भित्रेपणा नाही, चांगल्या चांगल्यांचं असं होतं.

यावर औषध आहे ते म्हणजे शॉट न मारता रायफल खाली घेणं. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. वेळ भरपूर असतो, पण मॅचमध्ये तो आठवत नाही, म्हणून त्याचा सराव करावा लागतो. तिच्या कोचना विचारून आठवड्यातून एक दिवस असा ठेवा : तिने आपला शॉटचा क्रम पाच-सहा शब्दांत कागदावर लिहायचा (पाय, खांदा, श्वास, नेम, दाब, थांब, असं काहीही, पण शब्द तिचे हवेत), आणि खराब शॉट गेला की दर वेळी तेच करायचं : रायफल स्टँडवर, नजर टार्गेटवरून बाजूला, दोन लांब श्वास, पहिला शब्द. हे इतक्या वेळा व्हायला हवं की राज्य स्पर्धेतही हात आपोआप तिकडे जावा. जोडीला महिन्यातून दोनदा खोटी मॅच : पूर्ण पोशाख, पूर्ण वेळ, मागे चार माणसं उभी, हरणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. हसू नका, वडापावच्या भीतीनेसुद्धा नाडी वाढते आणि तेवढ्या वाढलेल्या नाडीवर नेम धरायची सवय होते. मनाचा खंबीरपणा म्हणतात तो असा रेंजवरच, जॅकेट घालून तयार होतो. भाषणं ऐकून तो आलेला मी पाहिलेला नाही.

बाबांनाही एक काम. स्पर्धेत मागे उभं राहून बेरीज करायची नाही आणि गाडीत बसल्या बसल्या स्कोअर काढायचा नाही. जेवायला थांबा, घरी या, दुसऱ्या दिवशी बोला.

एका शॉटवरून माणूस जोखायचा नसतो याचं उदाहरण तुमच्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम मारायच्या) फायनलमध्ये तो पुढे होता. उभ्याने मारायच्या टप्प्यात एक शॉट ७.६ लागला आणि तो चौथा आला. वैयक्तिक पदक हातातून गेलं. तेव्हा कुणी त्याला मनाने कच्चा म्हटलं असतं तर खपूनही गेलं असतं. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पहिल्या टप्प्यानंतर तो मागे होता. ज्या उभ्याच्या टप्प्याने हांगझोउमध्ये घात केला, त्यातच तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेऊन आला. तुमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझ आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं गेली. बाबांसाठी आणखी एक माहिती : स्वप्नील २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता, ऑलिंपिक त्याला २८व्या वर्षी मिळालं, आणि मधल्या काळात घर चालवायला मध्य रेल्वेत टीसीची नोकरी होती. बारावीच्या वर्षात निकाल लावायची घाई आपल्यालाच असते.

आता ते ४० हजार. सध्या देऊ नका. मन पोलादी करून देण्याची मुदत आणि पॅकेज जो सांगतो त्याला दोन गोष्टी विचारा : मानसशास्त्रात एमए कुठून केलं, आणि रेंजवर येऊन मुलीची मॅच बघणार का. आपल्याकडे ‘माइंड कोच’ अशी पाटी लावायला कसलीही नोंदणी लागत नाही, त्यामुळे खरी माणसं आणि नुसते वक्ते एकाच रांगेत बसलेत. मात्र स्पर्धेच्या आधी कित्येक दिवस झोप उडणं, जेवण तुटणं, रडू येणं, शाळा-मित्रमैत्रिणी सगळंच नकोसं होणं, असं काही असेल तर कोच वगैरे बाजूला ठेवा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्ध्यावर थांबली तेव्हा तिलाही लोकांनी दुबळी म्हटलंच होतं. पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं घेतली.

राहिला मुलीचा प्रश्न. क्रीडा मानसशास्त्र हे खरं काम आहे, आणि महाराष्ट्राला नवंही नाही. नाशिकचे भीष्मराज बाम आयपीएस अधिकारी होते, योगाच्या अभ्यासातून एकाग्रतेकडे वळले आणि कितीतरी नेमबाजांबरोबर, राहुल द्रविडबरोबरही त्यांनी काम केलं. त्यांची वाट अनुभवाची होती. आज तुमच्या मुलीला मात्र पदवीच लागेल. सायन्सची बारावी चालते. पुढे मानसशास्त्रात बीए, मग एमए. क्रीडा मानसशास्त्र हे बीएनंतर, एमएला किंवा त्यापुढे. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात त्याची एमए आहे, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेतही हा विषय शिकवतात. परदेशातले कोर्स उत्तम असतात, पण खर्च बघूनच बोला. मानसिक आजारांवर उपचार करायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो रस्ता वेगळा आणि लांबचा.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. जागा थोड्या आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरण आपल्या केंद्रांसाठी मानसशास्त्राची माणसं घेतं, पण कंत्राटावर. काही अकादम्या, काही फ्रँचायझी, बाकी खासगी. सुरुवातीची काही वर्षं नुसत्या खेळाडूंवर घर चालत नाही. शाळा-कॉलेजात समुपदेशन करत करतच बहुतेक जण इथे टिकतात. म्हणून माझा आग्रह आहे की पदवी सर्वसाधारण मानसशास्त्राचीच घ्यावी. खेळातलं काम जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी हातात विद्या राहते. स्वतः ६०९ ची मॅच खेळलेली मुलगी पुढे दुसऱ्या नेमबाजासमोर बसेल तेव्हा तिचा तो अनुभव कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल, हेही आहेच.

तेव्हा रायफल की अभ्यास असा वाद घरात नको. फेब्रुवारीपर्यंत रेंज आठवड्यातून तीन दिवसांवर आणा, त्यातला एक दिवस त्या ‘रायफल खाली’च्या सरावाचा. खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत वेळेत जातोय ना, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या; प्रमाणपत्र असूनही तारीख हुकल्याने हे गुण घालवणारे पालक दर वर्षी भेटतात. आणि निकालानंतर कॉलेज निवडताना मानसशास्त्राचा विभाग कसा आहे याच्या बरोबरीने तिथून रेंज किती लांब आहे तेही बघा. पुण्यात घेणार असाल तर बालेवाडीच्या रेंजवर रोज कसं जाणार याचा हिशोब आधी करा, मग हॉस्टेल ठरवा.