कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. पडीक सरकारी प्लॉट, वीसेक कुटुंबं, सामूहिक भाजीबाग आणि साहेब म्हणतायत ‘सुरू तर करा, कागदाचं नंतर बघू’. डिट्टो हेच आम्हाला ऐकवलं होतं. बियाणं, खत, पाळ्या लावणं तुम्हाला जमेलच, त्यावर बोलत नाही.

आमची जागा ज्या कार्यालयाची होती (नाव घेत नाही) तिथे नळजोडणीच्या अर्जाला जागेचा करार जोडा म्हणायचे, आणि करार मागितला की आधी पाण्याची सोय दाखवा! फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, मधेच साहेबांची बदली, नवीन साहेब विचारतात ‘परवानगी दिली कोणी?’ आणि आमच्याकडे दाखवायला एक ओळ नाही. तोवर उन्हाळा आला, लोक कॅन भरभरून आणतायत. हिशोब करा ना, आठवड्याला 25 मिमी पाणी धरलं तर एका चौरस मीटरला 25 लिटर, म्हणजे 100 चौरस मीटरला अडीच हजार लिटर, दर आठवड्याला! पालेभाज्या करपल्या, मग माणसं गळायला लागली, आणि आधी कोण गळलं तर ज्यांना भाजीची खरी गरज होती तेच, कारण रोजंदारी बुडवून कॅन कोण वाहणार. उरले आमच्यासारखे हौशी.

म्हणून माझं स्पष्ट मत (वकील नाही मी, नियम जागोजागी वेगळे असतात): निदान पाच वर्षांचा लेखी करार, पाणी कोण देणार ते त्यातच, आणि जागा परत हवी तर किती महिने आधी नोटीस तेही. ‘तात्पुरती’ हा शब्द दिसला की सावध व्हा. ब्रिटनमध्ये 1925 च्या कायद्याने अलॉटमेंटसाठी (लोकांना भाजीपाला पिकवायला भाड्याने देतात ते जमिनीचे तुकडे) घेतलेली जमीन तिथल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही, पण तात्पुरत्या दिलेल्या जागेला ते संरक्षण नाही. लॉस एंजेलिसची साउथ सेंट्रल फार्म बघा, 14 एकर, साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं पिकवत होती, 2006 मध्ये मालकाने बुलडोझर घातला. उलट सोव्हिएत मदत आटल्यावर क्युबाच्या राजधानीत, हवानामध्ये, सरकारनेच मोकळ्या जागा कसायला दिल्या, म्हणून तिथे शहरी शेती टिकली.

आणि अर्जात ‘अन्नसुरक्षा’ लिहिताय ते ठीक, पण वस्तीचं पोट भरेल असं लिहू नका हो. ताजी भाजी मिळेल, धान्याला लागते तेवढी जमीन शहरात कुठून आणणार?

जाता जाता, तिथे आधी गॅरेज, कारखाना किंवा जुनं रंगवलेलं बांधकाम असेल तर मातीतलं शिसं तपासून घ्या. पालेभाज्या आणि कंदमुळांत ते जास्त येतं, टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांत कमी. शंका असेल तर खाली कापड अंथरून बाहेरची माती भरलेले उंच वाफे करा. खर्च वाढतो, म्हणून तोही करार झाल्यावरच. तोवर दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घेत जा, आमच्याकडे तीसुद्धा नव्हती.