नर्सिंगला नव्यानं आलेल्या मुलींना नर्सचं काम नेमकं काय वाटतं?

तुमच्या धाकट्या बहिणीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश मिळालाय आणि नर्स काय करते असं विचारलं की ती नुसतं 'सेवा' म्हणते. सगळ्या नव्या मुली अशाच असतात का, असं तुम्ही विचारलंय.

जवळजवळ सगळ्याच. मी सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पहिल्या आठवड्यात कोरा कागद देऊन हाच प्रश्न लिहायला घालते. मोहोळची असो, अक्कलकोटची असो, कागदावर ठरलेलं: सेवा, इंजेक्शन, सलाइन, डॉक्टरांना मदत. एखादी सरळ 'सरकारी नोकरी' लिहिते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ब्रदर व्हायला आलेली मुलं आयसीयू लिहितात. 'नर्स पेशंटकडे बघते' असं मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

मग वॉर्ड सुरू होतो आणि तोंडं उतरतात. बेड लावा, स्पंज द्या, दर दोन तासांनी कूस बदला. "मॅडम, हे तर मावशींचं काम ना?" कूस बदलताना पाठ दिसते, म्हणून ते आपलंही काम. माकडहाडाजवळ लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून तो पांढरा पडला नाही, तर बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम, सुरू झालाय.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे श्वास. टीपीआर चार्टवर ताप आणि नाडी नीट असते, पण श्वासाच्या रकान्यात सगळ्या वॉर्डाला २०! कुणी मोजलेलेच नसतात. एकदा पहिल्या वर्षाच्या मुलीनं पूर्ण मिनिट मोजले, ३४ भरले. आधीच्या तिन्ही नोंदी २० च्या. मुलगी घाबरली, आपलंच चुकलं म्हणून परत मोजायला लागली. पेशंट विडी वळणाऱ्या आजी, मराठी बेताची. मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू. तिनं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "ऊपिरि आडट्लेदू", म्हणजे श्वास घेता येत नाही. सकाळपासून हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. इनचार्ज सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला, एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. त्या मुलीच्या पहिल्या आठवड्यातल्या कागदावरही 'डॉक्टरांना मदत' असंच होतं. तशी ती मदतच झाली म्हणा, पण डॉक्टरांनी सांगायच्या आधी केलेली.

दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमात मुलींना आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा तेवढा दिसतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे त्यांनी नंतर आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारला दाखवलं होतं. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "मॅडम, म्हणजे गणित पण आलं का?" आलंच. सलाइनचे थेंब कोण मोजणार?

सेवाभाव खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. त्याच्याशिवाय नाइट ड्युटी निघत नाही. पण नुसत्या सेवेच्या कल्पनेवर आलेल्या मुली ओरडा बसला की गप्प होतात, शंका आली तरी विचारत नाहीत. मला त्यांची जास्त काळजी वाटते.

बहिणीला काही द्यायचं असेल, तर सेकंदकाट्याचं साधं घड्याळ द्या. आणि नाडी बघतेय असं दाखवून श्वास मोजायचे, एवढं आत्ताच सांगून ठेवा. मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो.