मुलगा ब्रँडेड बुटांसाठी हट्ट करतोय, त्याला मराठी शाळेत घालावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, बेळगावातल्या सीबीएसई शाळेत. पुस्तकं, टॅब, गणवेश सगळं शाळा सांगेल त्या कंपनीचंच घ्यावं लागतं, आणि वर्गातली पोरं हिणवतात म्हणून आता त्याला ब्रँडेड बूट हवेत. बूट घ्यावेत की सरळ मराठी शाळेत घालावं?

मराठी शाळेचा विचार पहिलीत करायचा असतो, नववीत नाही. आता काढून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला बसवलात तर पहिल्या भाषेचा पेपर तो कुठल्या मराठीत लिहिणार? घरात बोलतो ती पेपरात चालत नाही. कानडीतून सुटका म्हणाल तर तीही नाही, 2015 च्या कायद्यानं ती सगळ्याच शाळांत आलीय. तेव्हा शाळा राहू दे. बुटांचं मात्र सांगते, कारण त्यात माझे हात पोळलेत.

मी बेळगावातच वडगावात शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. आमचे हे उद्यमबागला फौंड्रीत. मे महिन्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, जिकडं तिकडं टेरिकॉटचे तागे आणि हाफ पँटी. तीन शाळांचे गणवेश माझ्याकडं होते. त्यातल्याच एका इंग्रजी शाळेत मी मुलाला सहावीत घातलं. थोरली मुलगी सरकारी मराठी शाळेत शिकत होती, पण मोठ्या जाऊबाईंनी डोकं खाल्लं. 'पोरीचं चाललं, पोराचं वाटोळं करू नको,' असं सणासुदीला, पाहुण्यांसमोर, पंगतीत वाढता वाढता म्हणायच्या. घातलं.

दुसऱ्याच वर्षी शाळेनं कळवलं की गणवेश आता किटातच मिळणार. म्हणजे जी शाळा मला पैसे देत होती तिला मी पैसे द्यायचे, आणि तेही माझ्याच कामासाठी. किटातला शर्ट घरी आणून शिवण मोजली. इंचाला सात टाके. मी बारा घालते. सीबीएसईनं 2017 च्या एप्रिलमध्ये शाळांना लेखी बजावलंय की आवारात पुस्तकं, गणवेश विकायचा धंदा करू नका, ठरावीक दुकानातून घ्यायची सक्ती करू नका. तो कागद घेऊन मी हेडबाईंना भेटले. त्या गोड हसल्या. सक्ती कुठं आहे, पालकांची सोय आहे म्हणाल्या. न घेणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी मागं उभं केलं ती कुणाची सोय, हे विचारायचं मला जिना उतरल्यावर सुचलं.

असो. तुमचा प्रश्न पोराचा आहे.

शनिवारी कलर ड्रेस असायचा. आठवीत असताना एका शुक्रवारी रात्री मुलगा मशीनपाशी येऊन बसला. हातात साधा काळा टीशर्ट आणि वहीच्या पानावर काढलेलं चित्र, ते उडी मारणारं जनावर. म्हणाला, आई, एवढं भरून दे की. मी रागवायला हवं होतं. पण खरं सांगू? मला मजा वाटली. एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा माझं काम मागितलं होतं. ट्रेसिंग केलं, मागं कॅनव्हास लावला, रिंगेत ताणून पांढऱ्या रेशमी दोऱ्यानं भरलं. शेपटी तर अशी बसली की मीच दोनदा हात फिरवून बघितला. साडेअकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं घरी आलं ते टीशर्ट दप्तरात कोंबून, वर शाळेचं स्वेटर. उन्हात. जेवलं नाही. रात्री बहिणीला सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या पोरांकडच्या टीशर्टवर चित्र छापलेलं असतं, माझं भरलेलं. एकानं नुसतं हात लावून ओळखलं आणि दुसऱ्यानं टीशर्ट वर उचलून उलटी बाजू सगळ्यांना दाखवली. बॉबिनचे दोरे. 'तेरी मम्मी का ब्रँड' असं महिनाभर चाललं.

माझं काम छापील मालापेक्षा चांगलं होतं म्हणून पोरगं पकडलं गेलं. याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

हसणाऱ्यांत एक मुलगा अनगोळचा, घरी कानडी. त्याची आई माझ्याकडं ब्लाउज शिवायला येते. तिनं सांगितलं, तोही गेटवर तिला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणून हाक मारत नाही. मराठीचं पोर मराठी लपवतंय, कानडीचं कानडी, आणि दोघं मिळून हिंदी-इंग्रजीची खिचडी करतात. पाटी मराठी की कानडी यावर आमची पिढी एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, भांडत बसली. किट विकणाऱ्याला दोन्ही पाट्यांशी देणंघेणं नाही.

2020 चा सरकारी नियम आहे, जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरपर्यंत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही. चिप्सला निदान 50 मीटर तरी लांब ठेवलंय. बूट पोरांच्या पायातूनच आत येतात. 2019 पासून भारतीय संघाच्या छातीवर शिकवणीच्या ॲपचं नाव होतं, बायजूस. मुलाला ती जर्सी हवीच होती. 2023 मध्ये बीसीसीआय थकलेल्या पैशांसाठी त्याच कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात गेलं. जर्सी तो आता झोपताना घालतो.

आता कंपनी म्हटलं की सगळंच वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुलीच्या शाळेत मी एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर होते. नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असा मोठ्या कंपन्यांना 2013 चा कायदा आहे, त्यातून बाकं आणि रंगवलेल्या भिंती येतात. भिंतीवर नाव त्यांचं मोठं आणि शाळेचं लहान, पण छत गळायचं थांबतं. बिसीऊटात, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणात, आठवड्याला दोनच अंडी मिळायची, 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशानं उरलेले चार दिवसही मिळतात. ते अंडं खाताना कुणाला कुणाची लाज वाटत नाही.

आणि मराठी शाळेत शिकलेली मुलगी पुढं सुखात गेली असंही नाही. पीयू सायन्सला, म्हणजे अकरावीला, सगळं एकदम इंग्रजीत आलं, पहिले तीन महिने रोज रात्री रडायची. जाऊबाईंना हे मी कधी कळू दिलं नाही. त्यांनी हे वाचलं तर आता कळेल.

तर बूट घेऊ नका. एकदा घेतले की पुढं बॅग, मग घड्याळ, मग फोन. पोराशी बोला, त्याला एखाद्या रविवारी तुमच्या कामावर न्या, पैसा कसा येतो ते बघू दे. मी पंगतीत जाऊबाईंना हेच ठणकावून सांगितलं होतं, की माझं पोरगं साध्या बुटात शिकेल आणि तुमच्या पोराच्या पुढं जाईल.

बूट मी घेतले. गणपतीच्या आधी, ब्लाउजांच्या पैशातून, यांनाही न सांगता. हिणवणं थांबलं का? थोडं. मग टोळक्याला दुसरं कुणीतरी सापडलं. आठ महिन्यांत त्याचा पाय वाढला. सात नंबरचे आहेत, टाचेला जरा घासलेत, बाकी नवेच. तुमच्या पोराला होत असतील तर वडगावातून घेऊन जा.