प्रेस शॉपचं ट्रेनिंग मोबाईलवर टाकावं का?

प्रश्न : मी वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथं) ट्रेनिंग बघतो. नवीन माणसाला दोन दिवस वर्गात बसवतो, मग लाईनवर सोडतो. आता मालक म्हणतात, वर्ग बंद करा, सगळं मोबाईलवर द्या, त्या खोलीत स्टोअर करायचंय. एकाने तयार कोर्स दाखवलाय, शेवटी सर्टिफिकेटही मिळतं. आमची पोरं पैठण, गंगापूर, वैजापूरकडची. करावं का?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : करा, पण सगळं नका करू. जालन्याच्या आयटीआयमधून निघून मी आधी डाय सेटर (प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवणारा) झालो आणि मग ट्रेनिंगला आलो, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात. वर्गात दुपारच्या जेवणानंतर निम्मी पोरं पेंगतात. पीएफ, ईएसआयसी, रजेचे नियम, गेटपास हे तिथं एका दमात सांगितलं जातं आणि संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. हा भाग खुशाल मोबाईलवर जाऊ द्या. पीएफचं समजलं नाही तर पोरगं घरी परत लावून बघेल, घरच्यांनाही दाखवेल.

मशीनचं तसं नाही. डाय बदलताना स्लाईड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली येऊ नये म्हणून तिच्याखाली सेफ्टी ब्लॉक लावणं, मेन स्विचला कुलूप घालून चावी स्वतःच्या खिशात ठेवणं, हे हाताने केल्याशिवाय अंगात मुरत नाही. दोन बटणांचंच घ्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्लाईड खाली यायची नाही, म्हणजे दोन्ही हात डायबाहेर राहतात. हे व्हिडिओ छान सांगतो. पण जुन्या प्रेसवर एक बटण टेप लावून दाबून ठेवायची खोड नव्याला जुनाच ऑपरेटर शिकवतो, तीही पहिल्याच आठवड्यात, प्रॉडक्शनच्या घाईत. ती खोड शेजारी उभा असलेला सुपरवायझरच मोडतो. पोरांची बोटं तिथं जातात हो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांची रीघ लागली, तेव्हा १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ सुरू झालं. त्याच्या चार पायऱ्या आजही चालतात: माणसाची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघा. मोबाईल पहिल्या दोन पायऱ्यांना हातभार लावतो. पुढच्या दोन तुमच्याच.

सर्टिफिकेटवर तर अजिबात विसंबू नका. पाळीतला एखादा चुणचुणीत पोरगा सगळ्यांचे फोन घेतो आणि उत्तरं टिचकून देतो. मालकांना हेही सांगा की भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात कलम ७अ घातलं गेलं. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, पण त्या कलमातही प्रशिक्षणाला लागूनच देखरेख मालकाच्या कर्तव्यात धरली होती.

तयार कोर्सही घेऊ नका. त्यातल्या प्रेसला लाईट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) असतं, तुमच्या जुन्या प्रेसला नसेल तर पोरगं ते शोधत बसेल. तुमच्याच प्रेसवर, तुमच्याच चांगल्या ऑपरेटरला आपल्या बोलीत बोलू द्या आणि तीन-चार मिनिटांचे तुकडे शूट करा. गावाकडे रेंज धड नसते, संध्याकाळपर्यंत डेटाही संपतो. म्हणून कॅन्टीनमध्ये वायफाय द्या, व्हिडिओ डाऊनलोड होऊ द्या. आणि बघायचा वेळ पाळीतच धरा. बारा तास बाहेर असलेल्या माणसाला घरी गेल्यावर कोर्स करायला लावणं अन्यायाचं आहे.

शिकलेलं सुरुवातीच्या काळातच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. म्हणून पाळी सुरू होताना सुपरवायझरने एखादाच प्रश्न विचारावा: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने.

खोली देऊन टाका. बदल्यात बंद पडलेला एखादा जुना प्रेस फक्त ट्रेनिंगसाठी मागून घ्या आणि वाचलेल्या दोन दिवसांतला एक पूर्ण दिवस त्या प्रेसवर घालवा. नव्या माणसाने ब्लॉक आणि कुलूप स्वतः लावलेलं सुपरवायझरने बघावं, मग सही करावी. ती सही होईपर्यंत त्याला लाईनवर पाठवू नका, वरून कितीही फोन आले तरी.