खो-खोवर लेख सापडत नाहीत? शब्द बदलून हुडक

प्रश्न: मी सोलापुरात एम.पी.एड. करते. लघुप्रबंधाचा विषय आहे खो-खो खेळाडूंच्या घोट्याच्या दुखापती. सरांना वीस संशोधनलेख हवेत. गूगलवर नुसत्या व्यायामाच्या टिपा येतात. एखादा लेख दिसलाच तर डॉलर मागतात. विषय बदलू का?

उत्तर: अजिबात बदलू नकोस. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला खरा, पण परदेशी प्रयोगशाळांत हा खेळ अजून फारसा पोचलेला नाही. म्हणून खेळाचं नाव बाजूला ठेव आणि हालचाल हुडक. साखळी पळताना तू हुलकावणी देतेस, भरवेगात थबकतेस, एका पायावर वळतेस. अभ्यासक याला 'चेंज ऑफ डायरेक्शन' म्हणतात. हे शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत, 'अँकल स्प्रेन'ला (म्हणजे घोटा मुरगळणं) जोडून टाक. बास्केटबॉल-हँडबॉलवरचे लेख येतील. येऊ देत, घोटा तोच आहे. आणि 'किनेसिऑलॉजी' टाकत बसू नकोस. ते आपल्या अभ्यासक्रमातल्या विषयाचं नाव. लेखांत 'बायोमेकॅनिक्स' (शरीराच्या हालचालींमागचं यंत्रशास्त्र) जास्त सापडेल.

पबमेड ही वैद्यकीय संशोधनलेखांची ऑनलाइन सूची फुकट आहे, पण तिथे मुख्यतः सारांश मिळतात. पूर्ण लेखासाठी 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण कर. दुखापत टाळण्याच्या व्यायामांवरचे प्रयोग हवे असतील तर सिडनीहून चालणारं 'पेड्रो' हे फिजिओथेरपीच्या संशोधनाचं संकेतस्थळ बघ. तिथे प्रयोगांना दहापैकी गुण दिलेले असतात. एक चांगला लेख हाती लागला की गूगल स्कॉलरवर त्याच्याखालचं 'साइटेड बाय' दाब, त्याचा संदर्भ देणारे पुढचे लेख रांगेनं येतात. खो-खोवरच्या भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. दर्जा कमीजास्त, पण त्यांची संदर्भसूची कामाची.

डॉलर भरायचे नाहीत. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुझं कॉलेज त्यात नसेल तर केगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि ग्रंथपालांनाच गाठ. (विद्यार्थी तिथे पेपर वाचायला जातात, तो वर्तमानपत्राचा, हे मी पुष्कळदा पाहिलंय.) तरीही नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाक, बरेच जण पीडीएफ पाठवतात.

'पैसे पाठवा, आठ दिवसांत छापतो' म्हणणाऱ्या मासिकांतले लेख मात्र वीसात मोजू नकोस.

हुडकताना वहीत तारीख, वापरलेले शब्द आणि किती लेख आले ते लिहीत जा. तोंडी परीक्षेत 'हेच वीस का?' असं विचारलं तर ती वहीच पुढे कर.